फोकस कोणीं जुळवावा?

छायाचित्र काढणें म्हणजे कळ दाबणें, अशी एक समजूत सर्वत्र रूढ आहे. ती सर्वस्वीं खोटी आहे असें म्हणतां येणार नाहीं. अलीकडील यंत्रांनीं ती बरीचशी खरी करून दाखविली आहे. परंतु कळ दाबण्याच्या आधीं एक निर्णय झालेला असतो, आणि तो कोणीं घेतला, माणसानें कीं यंत्रानें, यावर चित्राचें बरेंवाईट पुष्कळसें अवलंबून असतें. हा निर्णय म्हणजे फोकस. समोर दिसणाऱ्या अनेक वस्तूंपैकीं कोणती रेखीव उमटावी आणि कोणत्या वस्तूंनीं धूसर होऊन मागें सरावें, हें ज्या क्रियेनें ठरतें ती ही क्रिया. १८३९ सालीं छायाचित्रणाची कला जगापुढें आली तेव्हांपासून जवळजवळ एकशें चाळीस वर्षें ती माणसाच्या बोटांनीं केली. १९७७ नंतर ती हळूहळू यंत्राकडे गेली. ज्यांच्या घरीं वडिलांचा किंवा आजोबांचा कॅमेरा कपाटांत पडून आहे आणि मुलांच्या हातीं नवा आला आहे, त्यांना या पालटांत काय मिळालें आणि काय गेलें, हा प्रश्न केवळ शास्त्राचा वाटणार नाहीं.

भिंगाचा धर्म असा आहे कीं, एका वेळीं तें एकाच अंतरावरील वस्तूचें बिनचूक चित्र मागील पडद्यावर पाडूं शकतें. त्या अंतराच्या थोडें अलीकडे व थोडें पलीकडे डोळ्याला चालण्यासारखी स्पष्टता असते. त्यापुढें सर्व धूसर. ही पट्टी किती अरुंद असते, याची कल्पना आंकड्यांवांचून येत नाहीं. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरचें भिंग लावलें, त्याचें छिद्र १.८ या आंकड्यापर्यंत उघडलें आणि २ मीटरवर बसलेल्या आजीचें चित्र काढलें, तर रेखीव भागाची एकूण खोली सुमारें ६ सेंटिमीटर भरते. आजीची नथ आणि डोळे तींत जेमतेम मावतात. कानांतील कुडी धूसर होते. छिद्र ८ या आंकड्यापर्यंत लहान केलें कीं तीच खोली २६-२७ सेंटिमीटर होते, आणि नथीपासून कुडीपर्यंत सर्व दागिने सुखानें उमटतात. म्हणून ज्याच्याजवळ उजेड भरपूर, त्याला फोकसची चिंता थोडी. संध्याकाळीं, समईच्या उजेडांत, छिद्र पूर्ण उघडून ज्याला चित्र घ्यावयाचें आहे त्याची मात्र परीक्षा असते.

ही परीक्षा टाळण्याचा एक मार्ग फार पूर्वींच निघाला होता. कोडॅक कंपनीनें १९०० सालीं विक्रीस आणलेला ब्राउनी नांवाचा डबा कॅमेरा असाच होता: लहान छिद्र, एकदांच बसवून टाकलेलें भिंग, आणि फोकस जुळविण्याची सोयच नाहीं. भारतांतील कित्येक कुटुंबांचे जुने फोटो ज्या आग्फा क्लिक कॅमेऱ्यानें काढले गेले, तोही याच कुळांतला. त्या चित्रांतील माणसें अगदीं धारदार दिसत नाहींत, पण ओळखूं येतात, आणि घराला तेवढें पुरें होतें.

ज्यांना पुरें होत नसे त्यांचे मार्ग निराळे. आरंभीं छायाचित्रकार काळ्या कापडाखालीं शिरत असे. कॅमेऱ्याच्या पाठीशीं घासलेली कांच असे. तिच्यावर समोरचें दृश्य उलटें पडे, आणि भाता मागें-पुढें सरकवून तो तें स्वच्छ करी. वेळ लागे, पण दिसे तें खरें दिसे. हातांत मावणारा कॅमेरा आल्यावर कापड गेलें. १९२५ सालीं जर्मनींतील वेट्झलार गांवच्या लाइट्स कारखान्याचा लायका कॅमेरा बाजारांत आला, तेव्हां त्यांत फोकस पाहण्याची कांहींच सोय नव्हती. अंतर नजरेनें किंवा पावलांनीं मोजावें आणि भिंगावरील आंकडा त्या जागीं आणावा. १९३२ च्या लायकांत अंतरमापक भिंगाशीं जोडला गेला. दोन झरोक्यांतून येणाऱ्या दोन प्रतिमा एकाच चौकटींत दिसत आणि कडी फिरवितांना त्या एकमेकींवर येऊन बसल्या कीं फोकस झाला असें समजावें. पुढें आरशाच्या कॅमेऱ्यांचें युग आलें. १९५९ सालीं निघालेला निकॉन एफ त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. या जातीच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत चौकटीच्या मध्यभागीं एक दुभागलेलें वर्तुळ असे. समोर खांब असेल आणि फोकस चुकला असेल, तर खांबाचे दोन तुकडे झालेले दिसत. कडी फिरविली कीं तुकडे सांधले जात. तो सांधा बसतांना पाहण्यांत कांहीं निराळेंच समाधान होतें, असें त्या पिढीचा कोणताही छायाचित्रकार सांगेल.

या सर्व रीतींत एक गोष्ट समान होती. डोळा पाही, मन ठरवी, बोटें करीत. आणि वर्षानुवर्षांच्या सरावानें मधली पायरी इतकी झिजे कीं डोळ्यानें पाहतांच बोटें फिरत. कडी कोणत्या बाजूस फिरविली म्हणजे जवळचें दिसतें, हें बोटांनाच ठाऊक असे. निकॉनची कडी एका दिशेस व कॅननची उलट दिशेस फिरते. त्यामुळें एका घराण्याचा कॅमेरा सोडून दुसरा घेणाऱ्याची बोटें कित्येक महिने चुकत असत. रस्त्यावर चित्रें घेणारे तर कडीला हातच लावीत नसत. ३५ मिलिमीटरचें भिंग, छिद्र ८, फोकस ५ मीटरवर, एवढी मांडणी करून ठेवली म्हणजे अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व चालण्याइतकें स्पष्ट येतें. मग माणसाची दोन पावलें मागें-पुढें हाच त्याचा फोकस.

या विद्येचा विचार करतांना होमाई व्यारावाला यांची आठवण होणें स्वाभाविक आहे. १९१३ सालीं नवसारी येथें जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या आणि भारतांतील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून मान पावलेल्या या बाईंनीं १९४७ च्या सत्तांतराचीं चित्रें घेतलीं, तीं स्पीड ग्राफिक व रॉलायफ्लेक्स यांसारख्या यंत्रांनीं. स्पीड ग्राफिक म्हणजे दोन्ही हातांनीं पेलावयाचें धूड. एक चित्र झालें कीं दुसऱ्यापूर्वीं फिल्मची चौकट उलटावी किंवा बदलावी लागे. तेथें चुकीला जागा नव्हती, कारण तो क्षण पुन्हां उभा राहणार नव्हता. १९७० च्या सुमारास त्यांनीं छायाचित्रण सोडलें. म्हणजे यंत्रानें फोकस जुळविण्याचे दिवस त्यांच्या व्यवसायानें पाहिलेच नाहींत.

ते दिवस यावयास फार अवधि उरला नव्हता. लाइट्स कंपनीनें १९७६ सालीं कोलोनच्या फोटोकिना प्रदर्शनांत स्वयंचलित फोकसची एक यंत्रणा मांडली होती, परंतु ती विक्रीस आणली नाहीं. बाजारांत प्रथम उतरला तो जपानचा कोनिका सी ३५ एएफ, १९७७ सालीं. त्याच्या पोटांत अमेरिकेच्या हनीवेल कंपनीनें सिद्ध केलेला एक भाग होता, आणि त्याचें तत्त्व जुन्या अंतरमापकाचेंच होतें: दोन झरोके, दोन प्रतिमा, त्यांचें मीलन, एवढेंच कीं मीलन झालें कीं नाहीं हें आतां डोळ्याऐवजीं विजेचा डोळा पाही. दुसऱ्याच वर्षीं पोलरॉइड कंपनीनें वटवाघळाची युक्ति उचलली. तिचा कॅमेरा माणसाला ऐकूं न येणारा ध्वनि सोडी आणि प्रतिध्वनि परत येण्यास किती वेळ लागला यावरून अंतर काढी. ध्वनि सेकंदाला सुमारें ३४० मीटर जातो. तेव्हां २ मीटरवरील माणसाचा प्रतिध्वनि सेकंदाच्या सुमारें पंच्याऐंशीव्या भागांत परत येतो. अंधारांतही हें साधे. मात्र खिडकीच्या कांचेआडून बागेचें चित्र घ्यावयास जावें, तों ध्वनि कांचेवरूनच परते आणि कांचेवरची धूळ तेवढी रेखीव येई. १९७९ सालीं कॅननच्या एएफ ३५ एम या छोट्या कॅमेऱ्यानें ध्वनीऐवजीं डोळ्यास न दिसणारा अवरक्त किरण वापरला.

या छोट्या कॅमेऱ्यांनीं घराघरांतील छायाचित्रण सुधारलें यांत शंका नाहीं; पण त्यांनींच यंत्राची पहिली मोठी उणीवही उघडी केली. नवें जोडपें शेजारीं-शेजारीं उभें आहे; चौकटीचा मध्य बरोबर दोघांच्या मधील फटींत पडतो; किरण त्या फटींतून निघून मागील भिंतीवर जातो. फोटो धुऊन येतो तेव्हां भिंतीवरील दिनदर्शिकेच्या तारखा वाचतां येतात आणि वधूवर धुक्यांत उभे असतात. यंत्राची चूक नव्हती. त्याला जें विचारलें त्याचें उत्तर त्यानें अचूक दिलें. समोर मध्यभागीं जें आहे तें किती दूर आहे, एवढेंच त्याला विचारलें होतें. माणसें कोणतीं आणि भिंत कोणती, हें त्याला कोणीं सांगितलेंच नव्हतें.

खरा पालट १९८५ सालीं झाला. जपानांत अल्फा ७००० व अमेरिकेंत मॅक्झम ७००० या नांवानें मिनोल्टा कंपनीनें जो आरशाचा कॅमेरा आणला, त्यांत फोकस तपासणारा विजेचा डोळा आणि भिंग फिरविणारी मोटर हीं दोन्हीं कॅमेऱ्याच्या अंगांतच होतीं. तत्पूर्वीं पेंटॅक्सनें १९८१ सालीं व निकॉननें १९८३ सालीं असे प्रयत्न केले होते, पण ते अवजड होते व त्यांना भिंगें फार थोडीं मिळालीं. मिनोल्टाचा प्रयोग जगानें उचलला.

त्याची युक्ति मनोवेधक आहे. या जातीच्या कॅमेऱ्यांत मुख्य आरशाच्या मध्यभागीं थोडा प्रकाश आरपार जाऊं देणारा भाग असतो. मागील लहान आरसा तो प्रकाश खालीं, कॅमेऱ्याच्या तळाशीं पाठवितो. तेथें भिंगाच्या एका कडेकडून आलेल्या आणि दुसऱ्या कडेकडून आलेल्या किरणांच्या दोन वेगळ्या प्रतिमा पाडल्या जातात. फोकस बरोबर असेल तर त्या दोहोंमध्यें ठराविक अंतर असतें. फोकस अलीकडे असेल तर त्या जवळ येतात, पलीकडे गेला असेल तर दूर जातात. म्हणजे यंत्राला एका नजरेंत दोन गोष्टी कळतात: चूक कोणत्या बाजूची आहे आणि किती आहे. दुसरीही एक पद्धति आहे. तींत यंत्र भिंग फिरवून पाहतें, चित्रांतील काळें-पांढरें जेथें सर्वांत ठसठशीत दिसेल ती जागा ओलांडून पुढें जातें, आणि मग मागें येतें. तंबोरा लावणारा खुंटी पिळतांना स्वर किंचित् चढवून पुन्हां उतरवितो, तसाच हा प्रकार. तो अचूक असतो, पण त्याला वेळ लागतो. पहिल्या पद्धतींत खुंटी किती पिळावयाची हें आधींच ठाऊक असतें.

या यशाची मिनोल्टाला मोठी किंमत द्यावी लागली. आपल्या पेटंटांचा भंग झाला असा दावा हनीवेलनें केला, आणि १९९२ सालीं अमेरिकेंतील ज्यूरीनें तो मान्य केल्यावर मिनोल्टानें सुमारें १२ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तो वाद मिटविला. २००३ सालीं मिनोल्टा व कोनिका या कंपन्या एक झाल्या, आणि २००६ सालीं त्या जोडकंपनीनें छायाचित्रणाचा धंदाच सोडून दिला. तिचें कॅमेऱ्याचें काम सोनीकडे गेलें. ज्यानें दार उघडलें तोच घराबाहेर राहिला.

आतां जुन्या भिंगांचें काय, असा प्रश्न प्रत्येक कारखान्यापुढें उभा होता. निकॉननें १९५९ पासूनची भिंग बसविण्याची खांचणी तशीच ठेवली आणि तीमध्येंच मोटरीची जोडणी बसविली. कॅननचा निर्णय कठोर होता. १९८७ सालीं त्यानें ईओएस नांवाची नवी परंपरा सुरू केली. प्रत्येक भिंगाच्या पोटांत स्वतंत्र मोटर दिली, आणि जुनी एफडी जातीचीं भिंगें नव्या कॅमेऱ्यावर बसणार नाहींत असें जाहीर झालें. ज्या व्यावसायिकांनीं कर्ज काढून पांच-सात एफडी भिंगें जमविलीं होतीं त्यांचा संताप समजण्यासारखा आहे. त्यांच्या सामानांत कांहीं बिघाड नव्हता. तें केवळ अनाथ झालें होतें. शास्त्राच्या दृष्टीनें कॅननचा निर्णय बरोबर ठरला असें आज दिसतें. पण ज्यानें पैसे भरले त्याला शास्त्राची दृष्टि त्या दिवशीं कोठून असणार?

बोटांनीं फोकस जुळविणाऱ्या जाणत्यांनीं प्रथम या यंत्रांची टवाळी केली, आणि ती अगदींच अनाठायीं नव्हती. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांतील विजेचा डोळा एकाच आडव्या रेषेंत पाही. उभा खांब त्याला चटकन् सांपडे, पण आडव्या पट्ट्यांवर तो अडखळे. सपाट भिंत, पांढरें लुगडें, पावसाळ्यांत सह्याद्रीच्या घाटांत उतरणारें धुकें, यांपुढें भिंग गुरगुरत पुढें-मागें फिरत राही आणि कळ दाबली जात नसे. प्राणिसंग्रहालयांत वाघाऐवजीं पिंजऱ्याचे गज रेखीव येत. हीं दुखणीं हळूहळू कमी झालीं. एका रेषेच्या जागीं फुलीच्या आकाराचे डोळे आले, एकाचे अनेक झाले.

टवाळी थांबली ती मात्र धांवत्या वस्तूंपाशीं. ताशीं ३६ किलोमीटर वेगानें समोरून येणारी आगगाडी सेकंदाला १० मीटर पुढें सरकते. कळ दाबल्यापासून आरसा वर जाऊन पडदा उघडेपर्यंत सेकंदाचा विसावा भाग गेला, तरी तेवढ्यांत गाडी अर्धा मीटर पुढें आलेली असते. म्हणजे आतां जें रेखीव दिसतें तें चित्रांत रेखीव येणार नाहीं. जुने छायाचित्रकार यावर एक तोड काढीत: गाडी जेथें येणार त्या रुळावर आधींच फोकस करून ठेवावा आणि ती तेथें पोंचतांच कळ दाबावी. क्रिकेटच्या मैदानावर धांवचीत होणाऱ्या फलंदाजासाठीं ते एका टोंकाच्या यष्ट्यांवर फोकस धरून बसत. चेंडू दुसऱ्या टोंकास फेंकला गेला म्हणजे दिवस वांया. १९८८ च्या सुमारास यंत्रें भविष्य वर्तवूं लागलीं. वस्तूचा वेग मोजून, पडदा उघडेल त्या क्षणीं ती कोठें असेल याचा हिशेब करून, भिंग आधींच तेथें नेऊन ठेवण्याची विद्या त्यांना आली. या कामांत माणसाच्या बोटांना यंत्राशीं बरोबरी करतां येत नाहीं, हें मान्य करण्यांत कमीपणा नाहीं.

दुसरा लाभ झाला तो डोळ्यांचा. चाळिशी लागली कीं जवळचें पाहण्याची डोळ्याची शक्ति मंदावते. मोतीबिंदू होऊं लागला कीं उजेड-सावलीतला भेद पुसट होतो. फोकस झाला कीं नाहीं हें ठरवावयाचें तें नेमकें त्या भेदावरून. कित्येक वृद्धांनीं छायाचित्रण सोडलें तें हात थरथरतात म्हणून नव्हे, तर चौकटीच्या मधला सांधा बसला कीं नाहीं हें कळेनासें झालें म्हणून. अशांना यंत्रानें त्यांचा छंद परत दिला. नातवंडांचीं चित्रें घेणाऱ्या आजोबांना हातकसबाच्या ऱ्हासावर प्रवचन ऐकविणें हा शुद्ध अविचार होय.

तरीही हातानें फोकस करण्याची संवय जडलेला माणूस नवें यंत्र घेतो तेव्हां आरंभीं त्याचीं चित्रें बिघडतात. याचीं कारणें सांगण्यासारखीं आहेत. कारखान्यांतून आलेला कॅमेरा बहुधा असा लावलेला असतो कीं, चौकटींतील कोणत्या बिंदूवर फोकस करावा हें तो स्वतःच निवडतो, आणि पुष्कळदां जें सर्वांत जवळ असेल तें निवडतो. लग्नांत अक्षता टाकणाऱ्या पाहुण्याचा हात मध्यें आला कीं तो हात रेखीव होतो आणि वधूचा चेहरा जातो. म्हणून पहिल्या दिवशीं करावयाचें काम हें कीं, बिंदू निवडण्याचा अधिकार यंत्राकडून काढून आपल्याकडे घ्यावा. अंतर मोजण्याचें काम त्याचें. काय मोजावयाचें हें सांगण्याचें काम आपलें.

कळ अर्धी दाबली कीं फोकस होतो आणि तेथेंच टिकतो, पूर्ण दाबली कीं चित्र निघतें. डोळ्यावर फोकस धरून, चौकट थोडी बाजूस फिरवून, मग कळ पूर्ण दाबावी, असा पाठ सर्वत्र दिला जातो. दूरच्या दृश्याला तो बरा. पण वर सांगितलेली आजी पुन्हां समोर आणा: २ मीटरवर, ८५ मिलिमीटरच्या भिंगानें, छिद्र पूर्ण उघडें. डोळ्यावर फोकस धरून कॅमेरा १० अंशांनीं फिरविला, तर रेखीव पातळी सुमारें ३ सेंटिमीटर मागें जाते. एकूण खोली ६ सेंटिमीटरांची, म्हणजे डोळ्याच्या मागें तीनच. डोळा अगदीं काठावर येतो. आजी किंचित् पुढें झुकली कीं गेलाच. तेव्हां जवळच्या चेहऱ्यांसाठीं कॅमेरा न फिरवितां फोकसचा बिंदूच डोळ्यावर सरकवावा हें उत्तम.

आणखी एक अडचण आहे, ती बोटांची. जुन्या भिंगाची कडी जड व संथ फिरे. जवळच्या टोंकापासून क्षितिजापर्यंत जावयास तिला बराच मोठा फेरा घ्यावा लागे, म्हणून सूक्ष्म फरक करतां येई. मोटरीला मोठा फेरा परवडत नाहीं. नव्या भिंगांच्या कड्या सैल असतात व थोड्याच फिरतात. शिवाय नव्या आरशाच्या कॅमेऱ्यांच्या चौकटींतून दुभागलेलें वर्तुळ नाहींसें झालें. तीमधील पडदा उजळ असतो, पण मोठ्या छिद्राची खरी धूसरता त्यावर पूर्ण दिसत नाहीं. त्यामुळें यंत्रावर विश्वास नाहीं म्हणून जो अशा कॅमेऱ्यानें हट्टानें हाताचा फोकस करतो, त्याला ना हाताचें सुख मिळतें ना यंत्राचें. वाहन बदललें तर हांकण्याची रीतही बदलावी लागते. जुन्या हाताची एक खोड विशेष घातक: फोकस झाल्यावरही खात्रीसाठीं कडी जराशी हलवून पाहणें. यंत्रानें खूण दिली कीं थांबावें.

एका क्षेत्रांत मात्र बोटांनीं आपली जागा सोडलेली नाहीं, आणि तें क्षेत्र मुंबईच्या परिचयाचें आहे. चित्रपटाच्या चित्रीकरणांत कॅमेऱ्याशेजारीं एक साहाय्यक केवळ फोकससाठीं उभा असतो. त्याला फोकस पुलर म्हणतात. फितीनें अंतर मोजून, जमिनीवर खुणा करून, नट चालत येईल तसतसा तो भिंगाचा फोकस सरकवितो. नायिकेच्या चेहऱ्यावरून दारांत उभ्या असलेल्या माणसावर फोकस गेला, तर तो किती सावकाश गेला यांत कथेचा अर्थ असतो. यंत्र तेथें निमिषांत पोंचेल. पण निमिषांत पोंचणें हें तेथें हवें असतेंच असें नाहीं.

गेल्या कांहीं वर्षांत आरसा नसलेले कॅमेरे आले आणि प्रश्नाचें स्वरूपच पालटलें. आतां चित्र घेणारा पडदाच फोकसही तपासतो, आणि यंत्राला चेहरे ओळखूं येतात, चेहऱ्यांतील डोळे सांपडतात. २०१९ पासून कांहीं कॅमेऱ्यांना कुत्र्या-मांजरांचेही डोळे ओळखतां येऊं लागले. पुढें पक्षी, मोटारी, आगगाड्या यांची भर पडली. १९७९ च्या यंत्राला भिंत आणि वधू यांतला भेद कळत नव्हता. आजच्या यंत्राला तो कळतो. पंगतींत दहा चेहरे समोर असतील तेव्हां मात्र तें आपल्या नियमानें एक निवडतें, आणि त्या दिवशीं ज्या मावशी वीस वर्षांनीं घरीं आल्या आहेत त्या कोणत्या, हें त्याला सांगावेंच लागतें. बोटानें त्या चेहऱ्यावर खूण केली कीं तें निमूटपणें ऐकतें व मग मावशींना सोडीत नाहीं.

याच नव्या कॅमेऱ्यांनीं एक अनपेक्षित उपकार केला. १९८७ सालीं अनाथ झालेलीं कॅननचीं एफडी भिंगें ईओएसवर बसत नव्हतीं, त्याचें एक कारण २ मिलिमीटरांचें होतें. एफडी भिंग पडद्यापासून ४२ मिलिमीटरांवर बसावयास हवें, आणि ईओएसमध्यें तें अंतर ४४ मिलिमीटर होतें. मधल्या जोडाला जागाच नव्हती, आणि तसेंच बसविलें तर क्षितिजाचा फोकस येत नसे. आरसा गेल्यावर कॅमेऱ्याची ही खोली घटली. सोनीच्या ई जातीच्या कॅमेऱ्यांत ती १८ मिलिमीटर आहे, कॅननच्या २०१८ च्या आर जातींत २० मिलिमीटर. आतां भिंग व कॅमेरा यांमध्यें धातूचें एक पोकळ कडें बसवितां येतें आणि जुनें भिंग क्षितिजापर्यंत बरोबर पाहतें. त्याला मोटर नाहीं. फोकस हातानेंच करावा लागतो. त्यासाठीं चौकटीचा एक भाग दहापट मोठा करून दाखविण्याची, किंवा रेखीव कडांना रंग देऊन दाखविण्याची सोय बहुतेक नव्या कॅमेऱ्यांत असते, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या डोळ्यांनाही तें स्पष्ट दिसतें. ज्यांच्या कपाटांत असें भिंग आहे त्यांनीं तें एकदां उजेडांत धरून पाहावें. पावसाळ्याच्या दमटपणानें आंत बुरशीचे धागे धरले नसतील आणि कडी अजून सुरळीत फिरत असेल, तर तें वापरण्यास योग्य आहे.